ड्रेसकोडच्या मीटिंगआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री आला, मी वाचला, परत एकदा वाचला आणि फोन उशाशी ठेवून दिला, तीन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस, घाईघाईत काहीतरी टाईप करून पाठवून द्यावं असा हा विषयच नाही. नोकरीला लागून तुला वर्षही झालं नाही आणि कॉलेजच्या ड्रेसकोडच्या कमिटीवर घेतलं, सात जणांत बायका दोनच, आणि सगळ्यात लहान म्हणून मसुदा लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलं. तो मसुदा मी नीट बघितला. कलम चार, "वर्गात व परीक्षागृहात डोके किंवा चेहरा झाकणारा कोणताही धार्मिक पेहराव चालणार नाही." आणि खाली तू लिहिलंयस की मॅडम, हे बरोबर आहे ना, कारण मी मनापासून बाईच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा आहे आणि मला वाटतं यामुळे उलट मुली मोकळ्या होतील.

तू मनापासून लिहिलंयस यात मला शंका नाही, वर्गात तू कसा होतास ते मला आठवतंय. पण हे कलम वाचून मला झोप लागली नाही हेही खरं, आणि का लागली नाही ते आधी सांगते.

मला शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. वार्षिक परीक्षा चालू होती आणि मी सुपरव्हिजनला होते. त्या वर्षी कानात यंत्रं घालून कॉपी करण्याचे प्रकार झाले होते म्हणून वरून आदेश आला, कोणाच्याही डोक्यावर काही नको. दारात एक मुलगी उभी, हिजाब घातलेली, हातात हॉल तिकीट. मी तिला म्हटलं, काढ गं लवकर, बेल होईल आता. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काढायला लागली. तुला माहीत नसेल, त्याला पिना असतात, बारीक, रंगीत डोक्याच्या, कानामागे, हनुवटीखाली, खांद्यावर, आणि त्या काढताना दोन्ही हात लागतात, म्हणून तिने एकेक पिन काढून ओठांत धरली. तिच्यामागे पोरांची रांग उभी होती, कोणी काही बोललं नाही, सगळे नुसते बघत होते. तिने तो स्कार्फ चार घड्या घालून बाकावर ठेवला, त्यावर पिना ओळीने मांडल्या आणि पेपर लिहायला बसली. तीन तास तिचा डावा हात केसांवर होता. संपूर्ण पेपर तिने एका हाताने लिहिला रे, पुरवणी बांधायलाही तो हात खाली घेतला नाही, शेजारच्या मुलीकडून दोरा बांधून घेतला.

पेपर संपल्यावर परत सगळं बांधायला आरसा नव्हता. मी उत्तरपत्रिका मोजत होते, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, नीट बसलंय का? मी मान वर न करता हो म्हटलं. पुढच्या दोन्ही पेपरला तिची जागा रिकामी होती आणि हजेरीच्या तक्त्यावर तिच्या नंबरापुढे मीच लाल शाईने गैरहजर लिहिलं. आदेश वरून आला होता हे खरं, कॉपी होत होती हेही खरं, पण तिला बाजूच्या खोलीत नेऊन एखाद्या बाईने कान तपासले असते तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मला ते सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, मी तेवढा विचारच केला नाही.

आता दुसरी मुलगी, कारण नुसती पहिलीच सांगितली तर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. दोन-तीन वर्षांनी माझ्या वर्गात एक जण होती, घरून काळा बुरखा घालून यायची, सकाळी लेडीज रूममध्ये जायची, बुरखा काढून घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पुस्तकांच्या खाली, आणि मग दिवसभर सगळ्यांसारखी. संध्याकाळी उलटा क्रम. एकदा मी तिथे हात धुवत होते, ती आरशासमोर पिना लावत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, मॅडम, कॉलेजने बंदीच घातली तर किती बरं होईल, मला घरी सांगता येईल की सरच चालू देत नाहीत. हे वाक्य मी कधीही विसरणार नाही. बंदी म्हटलं की लगेच सगळं वाईट असं म्हणणाऱ्यांत मी का बसू शकत नाही, तर या मुलीमुळे. पण मी तिला विचारलं, आणि घरचे म्हणाले की मग कॉलेजच नको, तर? ती जरा वेळ गप्प राहिली, हातातली शेवटची पिन तिने लावली आणि म्हणाली, मग काय, बसेन घरी.

तर मुला, तुझ्या कलम चारला मला एवढंच विचारायचंय, नियम लागू झाला की सोमवारी सकाळी ती मुलगी कुठे असेल? वर्गात की घरी? स्वातंत्र्य, समानता, धर्मनिरपेक्षता हे सगळे शब्द मलाही प्रिय आहेत, आयुष्यभर तेच शिकवलं, पण कपड्यावरचा कोणताही कायदा समोर आला की मी आधी हे बघते, कारण गेल्या शंभर वर्षांत हे कुठे-कुठे करून बघितलंय आणि काय झालंय ते सगळं आपल्यासमोर आहे.

इराणचं बघ. १९३६ च्या जानेवारीत रझाशहाने फर्मान काढलं, बायकांनी चादर, म्हणजे डोक्यापासून अंगभर घ्यायचं कापड, किंवा बुरखा काहीही घालायचं नाही, देश आधुनिक करायचाय. पोलीस रस्त्यावर बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढत होते. त्यातून काही बायका शिकल्या, नोकऱ्या करायला लागल्या हे नाकारत नाही मी, पण ज्यांना जन्मभर डोकं झाकायची सवय होती त्यातल्या कितीतरी जणी महिनोन्महिने घराबाहेरच पडल्या नाहीत. म्हणजे बाईला मोकळं करायला निघालेल्या कायद्याने तिला घरात बसवलं. १९४१ मध्ये रझाशहाला गादी सोडावी लागली, सक्ती सैल झाली. पुढे १९७८ मध्ये त्याच्या मुलाच्या राजवटीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा एरवी डोकं न झाकणाऱ्या शिकलेल्या बायकासुद्धा मुद्दाम चादर घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ती चादर निषेधाची खूण होती. आणि क्रांती होऊन महिना उलटतो न उलटतो तोच क्रांतीचे नेते खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांनी हिजाब घालावा असं सांगितलं आणि ८ मार्च १९७९ ला तेहरानमध्ये हजारो बायका त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये डोकं न झाकण्याला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा कायद्यात आली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी, २२ वर्षांची पोर, हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडली आणि तीन दिवसांनी दवाखान्यात तिचा जीव गेला. तिच्यानंतर ज्या मुली केस मोकळे सोडून रस्त्यावर उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी मी रडले आहे.

आता तू म्हणशील, मॅडम, मग तुम्ही त्या मुलींच्या बाजूच्या ना, मग माझं कलम काय वाईट आहे. अरे, त्या मुली कापडाशी भांडत नव्हत्या. त्यांच्या आजीच्या, पणजीच्या डोक्यावरची चादर पोलिसाने ओढली होती आणि यांच्या डोक्यावर पोलीस ती घालायला लावत होता. त्या मोर्च्यांत हिजाब घातलेल्या बायकाही होत्या, त्यांनाही सक्ती नको होती. तेहरानमधल्या त्या मुलीला आणि परीक्षेच्या दारात पिना ओठांत धरून उभ्या असलेल्या माझ्या मुलीला मी वेगवेगळ्या पारड्यात टाकू शकत नाही, दोघींच्याही डोक्याला तिसऱ्याच कोणीतरी हात घातला.

आणि या दोन सक्तींच्या मध्ये मुली कशा चिरडल्या जातात त्याचं एक उदाहरण तर मी दरवर्षी वर्गात सांगायचे, तुलाही सांगितलं असेल. २०११ च्या जूनमध्ये इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या पात्रता सामन्यासाठी जॉर्डनला गेला. त्यांच्या देशाचा कायदा म्हणतो डोकं झाकल्याशिवाय खेळायचं नाही, फुटबॉलची जागतिक संघटना फिफा म्हणते असं झाकून खेळायचं नाही. खेळ सुरू व्हायच्या आधीच सामना रद्द, जॉर्डनला ३-० ने विजयी ठरवलं, आणि मैदानावर त्या मुली रडतायत असे फोटो जगभर छापून आले. दोन्ही बाजूचे नियम करणारे आपापल्या जागी सुखरूप होते, सामना फक्त मुलींचा गेला. २०१४ मध्ये फिफाने नियम बदलला, डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. खेळाचं काही बिघडलं नाही.

हे फक्त धर्माचंच आहे असंही समजू नकोस. २०२१ मध्ये युरोपात बीच हँडबॉलच्या स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी साध्या शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला, म्हणजे तिथे कपडा कमी पाहिजे होता. त्यावर इतका आरडाओरडा झाला की आंतरराष्ट्रीय संघटनेला त्याच वर्षी नियम बदलावा लागला. पॅरिसमध्ये १८०० सालचा एक हुकूम होता, बाईला पँट घालायची तर पोलिसांची परवानगी घ्यावी लागेल, आणि तो रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं ते २०१३ मध्ये. इतकी वर्षं तो कोणी पाळत नव्हतं ते सोड, पण कागदावर होता. कुठे झाक म्हणतात, कुठे काढ म्हणतात, कुठे घट्ट घाल म्हणतात, पण नियम करायचा म्हटलं की नजर पहिली बाईकडेच जाते. तुझ्या मसुद्यात मुलांच्या कपड्यांबद्दल किती ओळी आहेत ते मोज एकदा. मी मोजल्या, दीड ओळ आहे.

फ्रान्सचं उदाहरण तुझ्या कमिटीत कोणीतरी देणारच, म्हणून त्यातलं खरं-खोटं तुला माहीत पाहिजे. तिथे दोन वेगवेगळे कायदे आहेत आणि लोक त्यांची नेहमी सरमिसळ करतात. २००४ चा कायदा सरकारी शाळांपुरता, त्यात ठळक दिसणारी कोणतीही धार्मिक खूण नाही, हिजाब, शिखांची पगडी, मोठा क्रॉस, सगळं बाद. आणि हे लक्षात ठेव, तो कायदा शाळांना आहे, विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना नाही, म्हणजे तू कॉलेजसाठी जे लिहिलंयस ते फ्रान्सनेही केलेलं नाही. २०१० चा कायदा चेहरा झाकण्याबद्दल, तो सगळ्या सार्वजनिक जागांना. त्यात चेहरा झाकणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड आणि तिला झाकायला भाग पाडणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो. हा दुसरा भाग वाचताना मला बरं वाटलं होतं, कोणीतरी सक्ती करणाऱ्याचं नाव घेतलं. पण विचार कर, नवऱ्याने किंवा भावाने सक्ती केली हे सिद्ध कोण करणार, तीच ना, मग तिने आपल्याच घराविरुद्ध उभं राहायचं, आणि रस्त्यावरच्या पोलिसाला दिसते ती फक्त बाई. हाताला लागते तिलाच पावती फाडली जाते. २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा कायदा मान्य केला, समाजात एकत्र राहायचं तर चेहरा दिसला पाहिजे असं काहीसं कारण देऊन, आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने नेमकं उलट सांगितलं, दोन बायकांच्या हक्कांवर यामुळे गदा आली म्हणून. एकाच कायद्यावर दोन मोठ्या ठिकाणी दोन मतं. तेव्हा कमिटीत कोणी "जगाने हे केव्हाच ठरवलंय" म्हणालं तर शांतपणे सांग की ठरलेलं नाही.

मुली शिकल्या का हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर अभ्यास झालेत. इथे मी तुला माझ्या मताविरुद्धचा पुरावाही देणार आहे, कारण तो लपवून मी तुझ्याशी बोलू शकत नाही. २००४ च्या बंदीचा अभ्यास आला अब्देलगादिर आणि वासिलिकी फूका या दोघी संशोधकांनी केला, २०२० मध्ये छापून आला, त्यात दिसलं की बंदीनंतर मुस्लिम मुलींचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण घसरलं. पण त्याच्या आधी, १९९४ मध्ये, तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी ठळक धार्मिक खुणांना बंदी घाला असं सांगणारं एक परिपत्रक शाळांना पाठवलं होतं, त्यावर एरिक मोरँ आणि निकोलास नवारेते यांचा अभ्यास आहे आणि त्यात उलट दिसतं, त्या परिपत्रकानंतरच्या काळात मुस्लिम घरांतल्या मुली जास्त शिकल्या. मला हे वाचून लेडीज रूममधली ती मुलगी आठवली. असतील तिच्यासारख्या, ज्यांना शाळेचा नियम ही घरी पुढे करायला ढाल झाली. आहेत, नक्की आहेत. पण ज्या मुलीला घरी सांगता आलं की सरच चालू देत नाहीत ती वर्गात राहिली, आणि जिच्या घरच्यांनी म्हटलं मग नकोच ती गेली, आणि गेलेली मुलगी तुझ्या कमिटीसमोर कधी येऊन बोलणार नाही, तिचं नुकसान कोणाला दिसणार नाही, म्हणून तिचा विचार आधी करायचा असं मला वाटतं. पहिलीला ढाल द्यायचे दुसरे मार्ग आहेत, ते पुढे लिहिते. गेलेलीला परत आणायचा मार्ग मला चाळीस वर्षांत सापडला नाही.

तुर्कस्तानचं थोडक्यात सांगते. लेला शाहिन नावाची मेडिकलची विद्यार्थिनी, इस्तंबूल विद्यापीठाने १९९८ मध्ये हिजाबवाल्या मुलींना लेक्चर-परीक्षांना बंदी केली, ती शेवटी युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि २००५ मध्ये हरली. सतरा न्यायाधीशांत एकटीचं मत वेगळं पडलं, फ्रान्सवाझ तुल्केन्स, बेल्जियमच्या, त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की समानतेच्या नावाखाली एका सज्ञान बाईला तिने स्वतः स्वीकारलेली गोष्ट सोडायला आपण कसं लावू शकतो. लेला व्हिएन्नाला जाऊन शिकली, कारण तिला जाता आलं. ज्यांना जाता आलं नाही त्यांचं काय झालं? पुढे तुर्कस्तानात वारं फिरलं, बंदी उठली, आणि हीच लेला खासदार झाली. आणि भारतात, २०२२ मध्ये कर्नाटकातल्या कॉलेजांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, दोन न्यायमूर्ती आणि दोन निकाल. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली, न्या. सुधांशु धुलियांनी बंदी चूक ठरवली, आणि त्यांनी विचारलं ते असं, हिजाब घालते एवढ्यासाठी मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य जरा तरी बरं करतोय का. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवायचं ठरलं. माझ्या डोक्यात जे विचार होते ते एका न्यायमूर्तींनी इतक्या साध्या शब्दांत लिहिलेले वाचून मला फार धीर आला होता.

त्यातलाच एक सल्ला. कमिटीत वाद हमखास इथे घसरेल की हे धर्मात खरंच सांगितलंय की नाही. कोणीतरी ग्रंथातली वचनं काढेल, कोणी म्हणेल अमुक देशात घालत नाहीत मग इथे कशाला. तू त्यात पडू नकोस. तुमच्या कमिटीला धर्माचा निवाडा करायचा अधिकारही नाही आणि अभ्यासही नाही, आणि धर्मात नसेल तरी एखादीला घालावंसं वाटू शकतं, धर्मात असेल तरी एखादीला नको असू शकतं. उत्तर काहीही निघालं तरी सोमवारी सकाळच्या प्रश्नाला त्याने काही फरक पडत नाही.

आणि "तिची निवड" हा शब्दही जपून वापर. तो मला आवडतो पण तो फार स्वच्छ शब्द आहे, आणि माणसं इतकी स्वच्छ निवड करत नाहीत. मी काय घालते त्यात माझी आई आहे, शेजारणी आहेत, रस्त्यावरच्या नजरा आहेत, लाज आहे, हौस आहे, सवय आहे. हिजाब घालणाऱ्या मुलीत श्रद्धा असेल, आईची आठवण असेल, भीती असेल, आणि हे सगळं एकाच मुलीत एकाच दिवशी असेल. ते बाहेरून कोणाला तपासता येत नाही, पोलिसाला तर नाहीच आणि तुझ्या कमिटीलाही नाही. इजिप्तच्या हुदा शारावी १९२३ मध्ये रोमच्या परिषदेवरून परत आल्या आणि कैरोच्या स्टेशनवर त्यांनी चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. तिथे जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि काहींनी आपलेही पडदे काढले. मागे कोणी शिपाई उभा नव्हता. सरकारने तो काढायला लावला असता तर त्या टाळ्या वाजल्या असत्या का, तूच सांग.

मला स्वतःला पूर्ण झाकलेला चेहरा समोर बसलेला असला की शिकवताना अवघडल्यासारखं होतं, हे तुला सांगून टाकते. मुलांच्या डोळ्यांत बघून मी शिकवत आले, समजलं की नाही ते मला चेहऱ्यावर कळतं. पण माझं अवघडणं हे तिला बाहेर काढायचं कारण होत नाही. मी तिला जास्त प्रश्न विचारायला शिकले, बस.

अफगाणिस्तानचं एक सांगून मग कामाचं लिहिते. मे २०२२ मध्ये तालिबानने बायकांनी चेहरा झाकायचा हुकूम काढला आणि बाईने ऐकलं नाही तर शिक्षा तिच्या घरच्या पुरुषाला, आधी समज, मग बोलावणं, मग तुरुंग. म्हणजे ज्या बापाला, भावाला काही म्हणायचं नव्हतं तोही आपल्याच मुलीचा पहारेकरी झाला. हे तुझ्या कामाचं यासाठी आहे की तुझ्या कलम नऊमध्ये लिहिलंय, "नियमभंग झाल्यास पालकांना कळवण्यात येईल." हे कलम काढ. आजच्या आज काढ. लेडीज रूममधल्या माझ्या मुलीच्या घरी कॉलेजमधून असा एक फोन गेला असता तर तिचं काय झालं असतं याचा विचार कर, तिचा भाऊ तिला रोज गेटपर्यंत सोडायला यायचा.

आता मसुदा. पहिलं म्हणजे शब्द नीट वापर. हिजाब डोकं आणि मान झाकतो, चेहरा उघडा असतो. निकाबमध्ये फक्त डोळे दिसतात. आपण बोलताना सगळ्यालाच बुरखा म्हणून मोकळे होतो, नियमात तसं करून चालत नाही. तू डोकं आणि चेहरा एका वाक्यात घातलायस, आणि ओळख पटवायला चेहरा लागतो, डोकं नाही. दुसरं, धर्म हा शब्दच काढून टाक आणि काम लिही. प्रयोगशाळेत बर्नरजवळ सैल टोकं, मोकळे केस, लोंबती ओढणी चालणार नाही, ज्याला डोकं झाकायचंय त्याने सुती कापड घट्ट बांधावं. यंत्राजवळ तसंच. परीक्षेला ओळख पटवायची, कान तपासायचे, ते वेगळ्या खोलीत, बाई करेल, पेपरच्या आधी, आणि उशीर झाला तर तेवढा वेळ वाढवून मिळेल. हे सगळ्यांना सारखं, टोपीवाल्यालाही आणि हेडफोनवाल्यालाही. याच्या पलीकडे कशाला नियम पाहिजे ते मला तरी कळत नाही, आणि कमिटीला कळत असेल तर कारण लेखी मागून घे.

तिसरं, नियम अंमलात कोण आणणार ते नाव-पदासकट लिही. गेटवरच्या वॉचमनच्या हातात हे देऊ नकोस, त्याची चूक नसते, पण त्याला अधिकार दिला की तो सगळ्यांसमोर वापरला जातो.

चौथं, आणि हे माझ्या दुसऱ्या मुलीसाठी. एक कलम असं घाल की कोणीही, विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, कोणत्याही मुलीवर काही घालायची किंवा काढायची जबरदस्ती करणार नाही, टोमणे मारणार नाही, फोटो काढणार नाही, आणि केलं तर तक्रार अमुक मॅडमकडे, नाव गुप्त, घरी फोन नाही. आणि लेडीज रूममध्ये कुलूप लावता येतील असे कप्पे करून मागा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तकांखाली लपवायला लागू नये एवढंच. ज्या मुलीच्या घरातून शिक्षण तुटायची पाळी येईल तिच्यासाठी फी आणि हॉस्टेलची सोय काय, तेही विचार, ढाल म्हणजे खरं तर हीच. खर्च येईल म्हणतील. तू भांड.

आणि हे सगळं लिहिण्याआधी मुलींना विचार. सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नकोस, स्टेजवर बोलावू नकोस. त्या दोन मॅडमना सांग, एकेकीशी बोला, चहा पीत, नाव न लिहिता, घालणाऱ्या, न घालणाऱ्या आणि गेटपर्यंतच घालणाऱ्या, तिघींशी. तू तिथे नसलास तर जास्त बरं. मग ते जे लिहून आणतील ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचं काम मात्र तू कर, कारण बाकीचे चार पुरुष तुझं जरा जास्त ऐकतील, हे बरोबर नाही पण तसंच आहे, तेव्हा त्याचा उपयोग करून घे.

मीटिंग पुढच्या शुक्रवारी आहे ना, मग बुधवारपर्यंत नवा मसुदा मला पाठव, मी लाल पेन काढून ठेवलंय. आणि परीक्षेच्या वेळच्या त्या तपासणीच्या खोलीबद्दल लिहिशील तेव्हा त्यात सामानही लिही, दार बंद होणारी खोली, एक खुर्ची, पिना ठेवायला एक वाटी आणि भिंतीवर आरसा. आरसा विसरू नकोस.

तुझी मॅडम